बाई, शाळेत मोबाइल आणू का?

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं काल टेबलावर पसरून बसले. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय निघाला : मुलांनी शिकण्यासाठी स्वतःचा मोबाइल किंवा टॅब वर्गात न्यावा का? कुणी शाळेची चिठ्ठी जोडली आहे, कुणी चार पानं भरून संताप लिहिला आहे, एका मुलीनं वहीचं पान फाडून आठ ओळी लिहिल्या आहेत. म्हणून या खेपेला बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवटची चार वर्षं मुख्याध्यापिका होते. आता सांगलीत विश्रामबागेत राहते. मोबाइल वर्गात आणायचा प्रयोग मी स्वतः केला, त्यात चुकले, आणि नंतर तो सुधारलाही. त्या अनुभवातूनच ही उत्तरं लिहिते आहे.

प्रश्न : बाई, आमचे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला असतात. विट्यात मी, सासूबाई आणि मुलगा. मुलगा आठवीला खासगी शाळेत आहे. शाळेनं चिठ्ठी पाठवली आहे की पुढच्या सत्रापासून प्रत्येकानं टॅब आणायचा. कुठला घ्यायचा आणि कुठल्या दुकानातून घ्यायचा तेही चिठ्ठीत लिहिलंय. पंधरा हजारांच्या घरात जातोय. मुलगा म्हणतो, सगळे घेणार, मी एकटाच राहीन. उसनेपासने करून घ्यावा का?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, उसने काढू नका. निदान शाळेकडून काही गोष्टी लेखी कळेपर्यंत तरी नको.

शाळेला साध्या कागदावर पत्र लिहा आणि पोच घ्या. टॅब कुठल्या विषयाला, आठवड्यात किती तास वापरणार हे आधी विचारा. ‘सगळी पुस्तकं त्यातच असतील’ असं उत्तर आलं तर लक्षात ठेवा की बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात, आणि छापील पुस्तकाची किंमत टॅबच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. पुस्तक वाचायला पंधरा हजारांचं यंत्र लागत नाही. मग विचारा, वीज गेली किंवा नेट बंद पडलं तर त्या तासाला मुलं काय करणार? टॅब फुटला तर भरपाई कुणाची? घरात जुना टॅब असेल तर तो का चालणार नाही, आणि ठरावीक दुकानच कशासाठी? शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत, तो म्हणजे मुलाच्या नावानं त्यात कुठली ॲप आणि कुठली खाती उघडणार? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे. त्याची माहिती घेण्याआधी आई-वडिलांची संमती घ्यावी, असं तो कायदा सांगतो. ती संमती तुमची आहे. शाळेनं परस्पर गृहीत धरायची नाही.

पत्रावर एकट्यानं सही करू नका. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११चा कायदा आहे. त्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते. समितीवर कोण पालक आहेत ते शोधा आणि विषय तिथे मांडायला लावा. मुलगा सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असता तर मी आणखी ठामपणे लिहिलं असतं, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या प्राथमिक शिक्षणात अडसर होईल असा कुठलाही खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. खासगी शाळेत पालकांची एकजूट हीच ताकद.

मुलाच्या ‘सगळे घेणार’ याविषयी. हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलं की एकदा सभेतच हात वर करायला लावले. ‘सगळ्यांकडे’ म्हणून जी वस्तू घराघरांत रडून मागितली जात होती, ती अडतीस घरांपैकी सात घरांत होती. उरलेली एकतीस घरं एकमेकांच्या नावानं घाबरली होती. मुलाला रागावू नका, त्याची भीती खरी आहे. पण चार आयांना फोन करून विचारा. तुमच्यासारखीच पंधरा हजारांची जुळणी करत बसलेली एखादी तरी नक्की भेटेल.

आणखी एक. घरात आत्ता जो एक स्मार्टफोन आहे, त्यावर रात्री कोइमतूरहून वडिलांचा चेहरा दिसतो. ‘टॅब नाही तर निदान मोबाइल पाठवा’ असं शाळा उद्या म्हणेल, तेव्हा हे लक्षात असू द्या. तो फोन मुलाच्या दप्तरात जायचा नाही.

प्रश्न : मी दहिवडीजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वय सत्तावीस. शाळेत संगणक कक्ष आहे, पण त्यातले तीनच चालू. मुलांच्या घरी मात्र स्मार्टफोन आहेत. नववी-दहावीच्या मुलांना फोन आणायला सांगून तास घ्यावा असं मनात आहे. मुख्याध्यापक सर ऐकूनच घेत नाहीत. ‘उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?’ एवढंच म्हणतात. त्यांना कसं पटवू?
— एक शिक्षक, माण तालुका

उत्तर : सर, तुमचे मुख्याध्यापक चुकीचं विचारत नाहीत. मी केलं तेव्हा हा प्रश्न कुणी मला विचारला नाही, आणि विचारला असता तर बरं झालं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जानेवारी २०२३ची गोष्ट. करोनात दोन वर्षं आम्ही फोनवरूनच शिकवलं होतं. शाळा उघडल्यावर वाटलं, तेव्हा घरात बसून वापरलेलं साधन आता समोर बसवून नीट वापरू. नववीला सांगितलं, गुरुवारी ज्यांना जमेल त्यांनी घरचा फोन आणा. वर्गात शेहेचाळीस मुलं, फोन आले एकोणीस. त्यातल्या पाचांच्या काचा तडकलेल्या, काहींची चार्जिंग वीस टक्क्यांवर. धडा ‘ध्वनीचा अभ्यास’. मी म्हटलं, सोनारविषयी, म्हणजे ध्वनीलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधण्याच्या तंत्राविषयी माहिती शोधा. बस, तिथेच तास हातून गेला. सगळे फोन माझ्या एकट्या हॉटस्पॉटवर लटकले. पान उघडेना. तेवढ्यात या फोनवर मामाचा मेसेज, त्या फोनवर लग्नाचे फोटो. ज्या सत्तावीस मुलांकडे फोन नव्हता त्यांतली पुढच्या बाकावरची वळून मागे बघत होती, मागच्या बाकावरची खाली बघत होती. ते खाली बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दुपारी बाराच्या सुमाराला एक पालक आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, थेट बागेतून आलेले. त्यांची द्राक्षबाग काढणीला आली होती आणि व्यापाऱ्याचा फोन यायचा होता, माल कधी काढायचा ते ठरवायला. फोन पोराच्या दप्तरात. ते मला टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, ह्यो फोन म्हंजी माझं दुकान हाय. पोरानं सांगितलं बाईंनी मागितलाय, म्हनून दिला.” बाईंनी मागितलाय म्हणून दिला. सर, आपल्या भागात शिक्षकाचा शब्द असा मानला जातो. म्हणून तो जपून वापरावा लागतो.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी झाल्या. एका मुलीच्या हातातला फोन शेजारणीनं ओढून घेतला आणि त्यातले तिच्या आईचे मेसेज मोठ्यानं वाचले. घरातलं भांडण होतं ते. मुलगी तास संपेपर्यंत बाकावर डोकं टेकून होती. आणि सुटीत एक फोन पडून फुटला. कुणाचा धक्का लागला यावर दोन घरं भांडायला आली. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून काच बदलून दिली.

त्या रात्री मला जे उमगलं ते तुम्हाला सांगते. ‘मुलांनी स्वतःचं यंत्र आणावं’ ही कल्पना जिथून आली तिथे मुलाला खरोखर स्वतःचं यंत्र असतं. आपल्याकडे ते घराचं असतं. त्यात बापाचा धंदा असतो, आईची भिशी, बँकेचे पैसे, घरातलं बरंवाईट. आपण मुलाला फोन आणायला सांगतो तेव्हा त्याचं अख्खं घर उचलून बाकावर ठेवायला सांगतो.

माझे वडील साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभं केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. वडील सांगायचे, ताटात सगळ्यांना तेच असायचं, त्यामुळे कोण कुठल्या घरचा हे जेवताना आठवायचंच नाही. माझ्या वर्गात त्या गुरुवारी नेमकं उलटं झालं होतं. कुणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, ते मी बाकाबाकावर मांडून दाखवलं होतं.

प्रयोग मी बंद केला नाही. बदलला.

फोन मुलाचा नाही, गटाचा, असं ठरवलं. चार-चार मुलांचा गट आणि गटाला एक फोन. शेहेचाळीस मुलांना बारा फोन पुरतात. त्यातले चार आम्हा शिक्षकांचे, दोन आमच्या घरचे अडगळीत पडलेले जुने, सिमकार्ड नसलेले. उरले सहा. ते ज्या पालकांनी आपण होऊन दिले त्यांचेच, आणि आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून. ज्याचा फोन त्याच्या हातात द्यायचा नाही, दुसऱ्या गटाला द्यायचा. कुठला फोन कुणाच्या घरचा हे वर्गाला कळता कामा नये. सगळे फोन विमान मोडवर, म्हणजे नेट नाही, मेसेज नाही. शिवाय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲप पिनिंग म्हणून सोय असते. ती चालू करून, बाहेर पडताना पिन विचारायचा पर्यायही निवडून कॅमेरा पिन केला की मालकाचा पिन क्रमांक टाकल्याशिवाय दुसरं काही उघडत नाही. आईचे मेसेज सुरक्षित राहतात. दहा वाजता फोन घेतले की पावणेबाराला परत, वहीत सही घेऊन. फुटला तर दुरुस्ती शाळेची, मुलाची नाही. यासाठी आम्ही विज्ञान प्रदर्शनाच्या बक्षिसाचे पैसे बाजूला ठेवले होते. तुमच्या सरांच्या ‘कोण निस्तरणार’ला हे उत्तर कागदावर लिहून द्या. माणूस अडतो तो बहुतेक इथेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोननं करायचं काम असं निवडा जे फळ्यावर होतच नाही. माहिती शोधणं हे ते काम नव्हे. ती पुस्तकात आहे, तुमच्याकडे आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. गतीची समीकरणं मुलांनी जूनमध्ये घोकली होती. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून दोन मीटरपर्यंत खडूनं दर दहा सेंटिमीटरला रेघ मारली. वरून रबरी चेंडू सोडायचा आणि समोरून व्हिडिओ घ्यायचा. साधा फोन सेकंदाला तीस चित्रं घेतो. तीन चित्रं म्हणजे एक दशांश सेकंद. व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे न्यायचा आणि दर तीन चित्रांनी चेंडू कुठल्या रेघेशी आहे ते वहीत मांडायचं. डोळ्याला चेंडू सुटला आणि पडला एवढंच दिसतं, कारण सगळा प्रवास पाऊण सेकंदाच्याही आत आटोपतो. पण वहीत काय उतरलं? पहिल्या दशांश सेकंदात जेमतेम पाच सेंटिमीटर, दुसऱ्यात पंधराच्या आसपास, तिसऱ्यात पंचवीसच्या. म्हणजे एक, तीन, पाच या पटीत. पुढे सात. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडत नव्हता, तो उठून म्हणाला, “बाई, ह्यो दर खेपंला दहानंच वाढतोय.” त्वरण म्हणजे वेग वाढण्याचा दर, हे मी त्याला आठ महिने सांगत होते. ते त्यानं स्वतः पाहिलं.

दुसऱ्या गुरुवारी फोन शाळेत आणायचाच नव्हता. आदल्या संध्याकाळी आपापल्या रानातल्या रोग पडलेल्या पानाचा जवळून फोटो काढायचा, डावणी असो, भुरी असो, तांबेरा असो, आणि तो मला पाठवायचा. फोन नसेल त्यानं पानच तोडून आणायचं. मी ते सगळं एका पडद्यावर लावलं. पिकांच्या रोगांवरचा एवढा जिवंत तास माझ्या आयुष्यात झाला नव्हता, कारण कुठल्या औषधाला काय जुमानत नाही हे पोरं मला सांगत होती. त्यात फोनवाले आणि बिनफोनवाले असा भेदही उरला नाही.

महिन्यातून दोन गुरुवार, दर वेळी दीड-पावणेदोन तास. त्याहून जास्त मी कधी केलं नाही आणि जास्तीची गरजही भासली नाही. तुमचं नेट चालत असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची विज्ञानाची आभासी प्रयोगमाला आहे. तिच्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत, फुकट आहेत. पण सुरुवात चेंडूनं करा. पहिल्या तासाला मुख्याध्यापक सरांना मागच्या बाकावर बसवा. आणि त्यांना सांगा, चित्रं तुम्ही मोजायची.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमचे सर गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आमच्यात एक फोन पप्पांचा आणि एक दादाचा. दादा अकरावीला. त्याला घेऊन दिला. मी मागितला की म्हणतात मुलींना कशाला. दादा कधी देतो कधी देत नाही. गृहपाठ राहिला की सर उभं करतात. फोनचं सांगायची लाज वाटते.
— एक विद्यार्थिनी, कोरेगाव तालुका

उत्तर : बाळ, लाज वाटून घेऊ नकोस. हे तुझ्या एकटीच्या घरात घडत नाही. ‘असर’ म्हणून देशभर ग्रामीण मुलांची पाहणी होते. तिच्या २०२४च्या अहवालात चौदा ते सोळा वयाची जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांतल्या ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींत २६.९ टक्के जणींकडे. तुझ्या घरात जे आहे ते एवढ्या मोठ्या मोजणीतही दिसलं. चूक तुझी नाही.

तुझ्या सरांना हे वाचायला मिळावं म्हणून इथेच लिहिते. सर, गृहपाठ फळ्यावर लिहा. शाळा सुटण्याआधी पाच मिनिटं द्या, मुलं वहीत उतरवून घेतील. ग्रुपवर टाकायचा असेल तर जरूर टाका, पण ग्रुपवर होता म्हणून कुणाला उभं करू नका. फोन दादाच्या मर्जीवर असलेली मुलगी तुमच्या वर्गात एकच नसणार.

आता तू काय करायचं? फोन मागू नकोस, वेळ माग. पप्पांना म्हण, रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ दादाचा फोन माझ्या अभ्यासाला. वेळ ठरली की ती तुझी हक्काची होते, दादाची मेहेरबानी राहत नाही. आईला आधी सांग, तिच्यासमोर पप्पांशी बोल. त्या वेळेत आधी ग्रुपवरचा गृहपाठ वहीत लिहून फोन बाजूला ठेव आणि वहीवरून अभ्यास कर. पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचं चिन्ह, क्यूआर कोड असतो, तो दीक्षा ॲपवर धरलास तर त्या धड्याचं साहित्य उघडतं. ते बघायचं ते रविवारी, निवांत.

वर्गात एखादी मैत्रीण तुझ्याच वाटेवर राहते का? तिच्याकडे फोन असेल तर दोघी मिळून वही भरा. आणि एकदा सुटीत सरांना एकटं गाठून खरं कारण सांग. “सर, फोन मिळत नाही,” एवढंच. मी एकतीस वर्षं शिक्षिका होते. मूल असं येऊन बोललं की शिक्षकाला आपलीच चूक दिसते. मला दिसली होती.

प्रश्न : बाई, मी निवृत्त माणूस, वय चौऱ्याहत्तर. शाळेत मोबाइल हा विचारच मला पटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद करून दाखवले. सरकारनं सरसकट बंदी का घालू नये? शाळा म्हणजे फळा, खडू आणि मास्तर.
— एक आजोबा, वाई

उत्तर : काका, रोजच्या शाळेपुरतं माझं मत तुमच्याजवळचंच आहे. दप्तरात रोज फोन नको. फ्रान्सनं २०१८ साली शाळेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फोन वापरायला बंदी केली. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालात तर म्हटलंय की लक्ष एकदा विचलित झालं की पुन्हा अभ्यासात रुजायला मुलाला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. आपला तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. एक मेसेज आला की निम्मा तास गेला.

पण वडगावचा दाखला पुरा घेऊ. कडेगाव तालुक्यातलं ते गाव. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. सगळ्यांचे. आईची मालिका बंद, बापाचा फोन बाजूला, आणि मग पोरगं पुस्तक उघडतं. भोंगा नुसता मुलांसाठी असता तर दोन दिवसांत कुणी त्याकडे लक्ष दिलं नसतं. तुमच्या घरी संध्याकाळी हे जमतं का, ते तुम्ही मनाशी बघा. तुम्ही घरातले मोठे आहात, तुम्ही सुरू केलंत तर जमेल.

‘सरसकट’ मात्र नको. माझ्या वर्गात एक मुलगा होता, दृष्टी फार अधू. पहिल्या बाकावर बसवूनही फळा दिसायचा नाही. तो फोननं फळ्याचा फोटो काढायचा, बोटांनी मोठा करायचा आणि नाकाशी धरून वाचायचा. फोन आल्यापासून त्यानं एक ओळ सोडली नाही. त्याआधी दोन वर्षं तो शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहीत होता आणि आम्ही त्याला नक्कल करतो म्हणून बोलत होतो. मीसुद्धा बोलले होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा अशा मुलाला लागणारी सोय द्यायला सांगतो. बंदीचा नियम करताना या मुलासाठी दार उघडं ठेवायलाच हवं.

प्रश्न : आमच्या मुलानं (नववी) वर्गात चोरून बाईंचा व्हिडिओ काढला आणि वर गाणं लावून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. शाळेनं महिनाभर शाळेत यायचं नाही म्हणून सांगितलंय. शिक्षा जास्त नाही का?
— एक पालक, मिरज

उत्तर : केलं ते गंभीर आहे. एक स्त्री तिचं काम करत असताना तिला न विचारता तिचं चित्र घेतलं आणि हसायला वाटलं. हे आधी घरात स्पष्ट बोला, मुलाच्या बाजूनं शाळेशी भांडण्याआधी.

शिक्षेबद्दल मात्र शाळेलाही सांगते, महिनाभर घरी बसवलं तर तो महिनाभर फोनच बघेल. त्यानं स्वतः प्रत्येक मित्राला सांगून व्हिडिओ काढून टाकायला लावावा, तुमच्यासमोर बाईंची माफी मागावी, आणि बाई म्हणतील तेव्हा वर्गात यावं. निर्णय बाईंचा असू द्या. व्हिडिओ बाहेर पसरला असेल किंवा कुणी त्यात फेरफार केला असेल तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो असा फिरत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : मुलीनं शाळेच्या प्रकल्पाला माझा फोन नेला, येताना एसटीत राहिला. मी फार बोललो. दोन दिवस झाले, ती धड जेवत नाही. फोन तर गेलाच. आता काय करू?
— एक वडील, पलूस

उत्तर : दादा, फोनवर बँकेचं काही असेल तर आधी बँकेला कळवून ते बंद करा. मग पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करायची नोंद करा. त्यासाठी तक्रारीची प्रत आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. तो खोक्यावर छापलेला असतो, बहुधा पावतीवरही. पुढच्या फोनवर *#०६# दाबलंत की तो पडद्यावर येईल, वहीत टिपून ठेवा. ब्लॉक केलेला फोन दुसऱ्या सिमवर चालत नाही. सापडला तर तिथूनच पुन्हा चालू करता येतो. एसटीच्या आगारातही एकदा जाऊन विचारा. वाहक सापडलेली वस्तू आगारात जमा करतात.

मुलीनं फोन खेळायला नेला नव्हता, शाळेनं सांगितलं म्हणून नेला होता. शाळेनंच फोन मागितला होता, तेव्हा जबाबदारी शाळेचीही आहे, हे तिच्यादेखत एकदा बोला. आज संध्याकाळी खोकं शोधायला तिलाच सांगा. तिला शेजारी बसवा, तो पंधरा आकडी नंबर तिनं वाचायचा आणि तुम्ही भरायचा.